ऐरणीवरची बंदूक आणि शस्त्रांचा कायदा

आपल्या ज्ञातीच्या मेळाव्यांत पूर्वजांच्या कारागिरीचा विषय निघाला म्हणजे एक विधान हटकून ऐकू येते. ते असे की, पूर्वी आपल्या लोहारांच्या घरी बंदुका घडत असत. पुढे इंग्रजांनी कायदा केला, भाते थंड पडले आणि घराघरांतील ती विद्या बुडाली. तो कायदा झाला नसता तर आपली ज्ञाती आज मोठ्या शस्त्रकारखान्यांची मालक असती. या विधानात अभिमान आहे, दुःख आहे आणि सत्याचा मोठा अंशही आहे. परंतु ज्या गोष्टीचा अभिमान धरावयाचा ती गोष्ट नीट पारखून घेणे हे कारागिराचे पहिले कर्तव्य होय. आपण कोणताही लोखंडाचा तुकडा वाजवून पाहिल्याशिवाय भट्टीत घालीत नाही. मग इतिहासाचा तुकडा न वाजविता मुलांच्या हाती का द्यावा? म्हणून यंदाच्या स्मरणिकेत, घरी बंदूक घडविणे हे आपल्या देशात केव्हा शक्य होते, केव्हा कायदेशीर होते, आणि या दोन गोष्टी एकमेकींपासून केव्हा व कशा वेगळ्या झाल्या, याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम पूर्वजांच्या कामाकडे वळू. जुन्या तोड्याच्या बंदुकीचे मुख्य अंग म्हणजे नळी. बाकी दस्ता सुताराचा, कातड्याचे काम चर्मकाराचे, क्वचित नक्षी सोनाराची. परंतु नळी लोहाराची. ती एकसंध, सरळ आणि निर्दोष झाली तरच बंदूक. नाहीतर ती धरणाऱ्याचाच घात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने लिहिलेल्या 'ऐन-इ-अकबरी' या ग्रंथात नळीच्या घडणीचे वर्णन आले आहे. त्यावरून असे दिसते की, पूर्वी लोखंडाचा पत्रा वळवून त्याच्या कडा जोडीत असत आणि त्या सांध्यावर नळी फुटण्याचे प्रकार पुष्कळ घडत. पुढे पत्रा कागदाच्या सुरळीसारखा तिरकस गुंडाळून त्याचे पदर एकमेकांवर बसविण्याची रीत आली आणि नळीला बळकटी आली. बैलाच्या जोरावर फिरणारे एक चाक लावून एकाच वेळी सोळा नळ्या साफ करण्याची योजनाही त्याच ग्रंथात नोंदली आहे. अबुल फजल या सुधारणांचे श्रेय आपल्या बादशहाला देतो. दरबारी लेखकाने ते द्यावे हे स्वाभाविकच होय. परंतु तापलेल्या पत्र्यावर घण कोणाचा पडत होता, हे आपणांस सांगावयास नको. त्या कारागिरांपैकी अगदी मोजक्यांचीच नावे त्या ग्रंथात आहेत.

महाराष्ट्रात शिलेखाना, दारूखाना व तोफखाना ही राज्याच्या कारखान्यांतील मानाची खाती होती. गावगाड्यातील लोहार बलुत्यावर नांगराचे फाळ, कुऱ्हाडी व विळे शेवटीत असे, तर गडावर व लष्कराबरोबर असणारा लोहार भाले, तरवारी आणि बंदुका नीट ठेवीत असे. हे दोघे वेगळ्या जातीचे नव्हते. पुष्कळदा एकाच घरातील भाऊ असत. उत्तरेत महादजी शिंद्यांनी द बॉयन याच्या हाताखाली कवायती फौज उभारली, तेव्हा आग्रा येथे सँगस्टर नावाच्या स्कॉटिश गृहस्थाच्या देखरेखीखाली तोफा व बंदुका होऊ लागल्या. तेथे तयार होणारी बंदूक युरोपीय नमुन्याच्या तोडीची असून तिला दहा रुपयांच्या आसपास खर्च येत असे, असे त्या काळच्या युरोपीय शिपाईगिऱ्यांच्या इतिहासात नमूद आहे. देखरेख परदेशी, परंतु हात येथले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत शिंद्यांच्या तोफखान्याने इंग्रजी पलटणींची जी दाणादाण उडविली, ती पाहिल्यावर एतद्देशीय कारागिरांना आधुनिक शस्त्रे घडविता येत नव्हती असे कोणी म्हणू धजणार नाही. बंगालचा नवाब मीर कासिम याने १७६०च्या पुढील वर्षांत आपली राजधानी मुंगेरला नेली आणि तेथे बंदुकांचा कारखाना काढला. त्याचे राज्य लवकरच गेले, पण मुंगेरच्या कारागिरांची परंपरा मात्र टिकली. तिच्याविषयी पुढे सांगावयाचे आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. त्या काळची ठासणीची बंदूक ही खऱ्या अर्थाने घरची वस्तू होती. नळी गावात, दस्ता गावात, जामगीची वात गावात. गोळी ओतण्याचा साचा त्या त्या बंदुकीचा वेगळा, कारण कोणतीही दोन तोंडे अगदी सारखी नसत. गंधक व शिसे बाजारातून आणावे लागे, परंतु दारू येथेच तयार होई. चाप मोडला तर लोहार दुसरा करून देई आणि तो त्याच एका बंदुकीला बसे. अशा शस्त्राला कारखाना लागत नाही, कुशल हात लागतात. म्हणून हिंदुस्थानभर बंदुका इतक्या पसरल्या होत्या की, १८५७च्या उठावानंतर एकट्या अवध प्रांतातून इंग्रज सरकारने जमा केलेल्या बंदुकांची संख्या १ लाख ८० हजारांहून अधिक भरली. तरवारी तर पाच लाखांवर गेल्या. त्यांपैकी बहुतेक मालावर कोणत्याही विलायती कारखान्याची मुद्रा नव्हती. त्या मालावर मुद्रा होती ती आपल्यासारख्यांच्या घणाची.

आता कायद्याकडे येऊ. १८५७ साली उठाव भडकल्यावर सरकारने प्रजेस निःशस्त्र करण्याचा कायदा केला आणि लोकांनी आपली हत्यारे नोंदवावी वा स्वाधीन करावी असे हुकूम सुटले. हे हुकूम दक्षिण महाराष्ट्राच्या संस्थानांतही पोहोचले. मुधोळच्या घोरपडे संस्थानातील हलगळी या गावच्या बेरड लोकांनी हत्यारे देण्याचे साफ नाकारले. हत्यार हाच त्यांचा चरितार्थ व हाच त्यांचा मान होता. १८५७च्या नोव्हेंबरात इंग्रजी फौज त्या गावावर चालून गेली, गाव जाळला गेला, अनेक लोक लढता लढता पडले आणि पकडलेल्यांपैकी पुष्कळांना फाशी देण्यात आले. पुढील वर्षी, १८५८च्या मे महिन्यात, नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे यांनी बंड केले. दत्तक नामंजूर झाल्याचे दुःख त्यांना होतेच. त्यात तोफा व दारूगोळा स्वाधीन करण्याच्या हुकुमाची भर पडली. जून महिन्यात त्यांना बेळगाव येथे फाशी झाले. शस्त्रांचा कायदा हा आपल्याकडे असा रक्ताने लिहिला गेला, हे विसरता कामा नये.

१८६० साली या तात्पुरत्या बंदोबस्ताला अधिक व्यापक रूप मिळाले आणि १८७८ साली, लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना, हिंदुस्थानचा हत्यारांचा कायदा मंजूर झाला. या कायद्याने परवान्यावाचून हत्यार बाळगणे हा गुन्हा ठरविला. आणि आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे परवान्यावाचून हत्यार तयार करणे, त्यात फेरफार करणे व ते विकणे हाही गुन्हा ठरविला. कायद्याच्या नियमांत सवलतीही होत्या. युरोपीय व अँग्लो-इंडियन लोकांना सूट होती. कूर्ग, म्हणजे आजचे कोडगू, येथील लोकांना त्यांच्या राजनिष्ठेबद्दल सूट मिळाली, आणि ती कोडगूच्या लोकांना अजूनही मिळत आहे. उरलेल्या सर्व प्रजेला मात्र आपल्याच देशात हत्यारासाठी अर्ज करावा लागे. वर्णभेदावर उभी असलेली ही सूट पहिल्या महायुद्धानंतर, १९२०च्या सुमारास, नियमांतून काढण्यात आली. तोवर राष्ट्रीय सभेने या कायद्याविरुद्ध कितीतरी वर्षे आवाज उठविला होता. १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच तो सौम्य करण्याची मागणी करणारा ठराव झाला होता.

लोहाराच्या घरी याचा परिणाम काय झाला? कायद्याने नवा परवाना देण्याची सोय ठेवली होती हे खरे. परंतु खेड्यातील निरक्षर कारागिराने जिल्ह्याच्या साहेबाकडे अर्ज करावा, वह्या ठेवाव्या, तपासणीस सामोरे जावे, ही गोष्ट कागदावर सोपी आणि व्यवहारात अशक्यप्राय होती. गिऱ्हाईकालाही परवाना लागू लागल्याने गिऱ्हाईकच उरले नाही. नळी घडविणारा हात पुन्हा विळा-कोयत्याकडे वळला. बापाने मुलाला शिकविलेली विद्या तीन पिढ्या वापरली नाही म्हणजे ती विसरली जाते. येथेही तेच झाले.

इतके मान्य केल्यावर प्रश्न उरतो तो असा की, हे सर्व केवळ कायद्यानेच झाले काय? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यावयाचे तर त्याच काळात युरोपात काय घडत होते तिकडे पाहावे लागेल. १८५० नंतरच्या तीस वर्षांत बंदूक ही वस्तूच बदलून गेली. तोडा व चकमक जाऊन टोपीची बंदूक आली होती. ती टोपी, म्हणजे तांब्याच्या बारीक वाटीत भरलेले स्फोटक, लोहाराच्या भट्टीत होत नाही. इंग्लंडातील एनफील्डच्या सरकारी कारखान्यात अमेरिकेहून यंत्रे आणून असे भाग होऊ लागले की, एका बंदुकीचा भाग दुसरीला बिनचूक बसावा. १८५६ साली बेसेमरने स्वस्त पोलाद करण्याची रीत शोधली. १८६६ साली इंग्रजी सैन्यात मागून भरावयाची स्नायडर बंदूक आली, १८७१ साली मार्टिनी-हेन्री आली, आणि या बंदुकांबरोबर धातूचे काडतूस आले. काडतूस ही अशी वस्तू आहे की, ती कारखान्यात लाखांनी होते आणि प्रत्येक नग दुसऱ्यासारखा असावा लागतो. या दिवसापासून बंदूक ही हाताची वस्तू राहिली नाही. ती पोलाद, यंत्र आणि रसायन या तिघांची वस्तू झाली. म्हणजे १८७८ चा कायदा आला तेव्हा आपल्या पूर्वजांची बंदूक रणांगणावर अगोदरच मागे पडली होती.

हे केवळ आमचे अनुमान नव्हे. स्वातंत्र्याच्या लढ्यातील प्रसंग त्याची साक्ष देतात. ज्यांना कायद्याची भीती नव्हती आणि ज्यांना शस्त्रांची निकड सर्वांत अधिक होती, अशा क्रांतिकारकांनी काय केले ते पाहा. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिक येथे कलेक्टर जॅक्सन याच्यावर झाडलेले पिस्तूल ब्राउनिंग जातीचे होते. सावरकरांनी विलायतेहून चोरून पाठविलेल्या २० पिस्तुलांपैकी ते एक. १९१४ च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्यास रॉडा कंपनीच्या मालातून बंगाली क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुले व त्यांबरोबर ४६ हजार काडतुसे पळविली. १८ एप्रिल १९३० रोजी चितगाव येथे सूर्य सेन व त्यांच्या साथीदारांनी सरकारी शस्त्रागारे हस्तगत केली. बंदुका मिळाल्या, परंतु काडतुसे दुसरीकडे ठेवलेली असल्याने सापडली नाहीत, आणि हाती आलेल्या उत्तम बंदुका निरुपयोगी ठरल्या. प्राणावर उदार झालेल्या या पुरुषांना देशात भट्ट्यांची वाण नव्हती, लोहारांचीही नव्हती. तरीही त्यांना परदेशी माल मिळवावा लागला किंवा सरकारचा लुटावा लागला. घरची बंदूक कायद्यानेच अडली असती, तर कायदा मोडण्यास सिद्ध झालेल्यांनी ती प्रथम घडविली असती.

दुसरी साक्ष वायव्य सरहद्दीची. पेशावर व कोहाट यांच्यामधील दर्रा आदमखेल येथे आफ्रिदी कारागीर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रजी बंदुकांच्या हुबेहूब नकला करीत आले. तो मुलूख इंग्रजी कायद्याच्या बाहेर होता. तेथे हत्यारांचा कायदा नव्हता, गिऱ्हाईक भरपूर होते आणि हात अत्यंत कुशल होते. नकलेवरील अक्षरेसुद्धा मूळ कारखान्यासारखी उठविली जात. परंतु पोलाद मिळेल ते वापरावे लागे. त्यामुळे असली बंदूक थोड्या काळात झिजे, नेम बिघडे, प्रसंगी फुटे, आणि म्हणून अस्सल विलायती बंदुकीची किंमत तिच्याहून कितीतरी अधिक राही. कायदा नसला म्हणजे कारागीर आपोआप कारखानदार होतो असे नाही, हाच याचा अर्थ.

मग आपले लोक कायद्याला दोष देतात तो अगदीच व्यर्थ आहे काय? आमच्या मते नाही. दोष आहे; पण तो ज्या ठिकाणी दाखविला जातो तेथे नसून दुसरीकडे आहे. हे समजण्यासाठी इंग्लंडातील बर्मिंगहॅम आणि बेल्जममधील लिएज ही दोन शहरे डोळ्यांपुढे आणावी. तेथेही बंदुका प्रथम घराघरांतूनच होत. एक घर नळी करी, दुसरे चाप, तिसरे दस्ता. लहान लहान कारागिरांचा एक मोहल्लाच असे. त्यांच्या सरकारांनीही कायदा केला. लिएज येथे सतराव्या शतकापासून आणि बर्मिंगहॅम येथे १८१३ च्या कायद्याने अशी संस्था स्थापन झाली की, जेथे प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा अधिक दारू भरून ती उडवून पाहावयाची. टिकली तर तिच्यावर ठसा उठवावयाचा, फुटली तर ती कारागिराच्या माथी. ठशावाचून नळी विकणे हा गुन्हा. म्हणजे तेथला कायदा कारागिराला म्हणाला, "घडव, पण परीक्षा दे." आपल्याकडचा परका कायदा म्हणाला, "घडवूच नको." परीक्षेने कारागीर सुधारतो, बंदीने तो विसरतो. पुढे यंत्रे आली तेव्हा बर्मिंगहॅमच्या कारागिरांपैकी काहींना यंत्रयुगात उडी घेता आली; आपल्याला ती घेता आली नाही, कारण उडी घेण्यासाठी ज्या काठावर उभे राहावयाचे तो काठच आपल्या पायांखालून काढून घेतला होता. १८७८ च्या कायद्याने आपली बंदूक मारली नाही, तिला काळाने मारले. कायद्याने मारला तो जुन्या बंदुकीपासून नव्या बंदुकीपर्यंतचा रस्ता. आपल्या दुःखाचे खरे कारण हे आहे.

आणि रस्ता मोकळा राहिला असता तर काय झाले असते याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर काढला आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडी फाळाने जमिनीला विष भिनेल असे म्हणणारे शेतकरी त्यांना भेटले; परंतु नांगराला परवाना लागत नव्हता. खेड्यापाड्यातील माणसे त्या कारखान्यात ओतकाम व यंत्रकाम शिकली. नांगराच्या फाळाला जी वाट मोकळी होती ती नळीला नव्हती, इतकाच फरक. मुंगेरचे उदाहरणही असेच उद्बोधक आहे. तेथील काही कारागिरांना परवाने मिळाले आणि टिकले. स्वातंत्र्यानंतर हे परवानेदार एकाच आवारात काम करू लागले व शिकारीच्या बंदुका करून देशभर विकू लागले. त्याच मुंगेरचे नाव विनापरवाना पिस्तुलांसाठीही कुप्रसिद्ध झाले आहे. एकाच गावच्या, एकाच परंपरेच्या हातांना कायद्याच्या आत जागा मिळाली तेव्हा काय होते आणि न मिळाली तेव्हा काय होते, हे तेथे शेजारी शेजारी पाहावयास मिळते.

स्वातंत्र्य आल्यावर हा प्रश्न आपल्या लोकांच्या हाती आला. १९३१ साली कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क समाविष्ट झाला होता. त्याला अनुसरून घटना समितीत १९४८ च्या डिसेंबरात ह. वि. कामत यांनी तसा हक्क घटनेत घालावा अशी सूचना मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. ज्याला त्याला बाजारात जाऊन हवी ती हत्यारे घेण्याचा हक्क दिला तर राज्यकारभार चालणे शक्य नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. हा निर्णय परक्याने लादलेला नव्हता. तो आपल्या प्रतिनिधींनी विचारान्ती घेतला, आणि म्हणून त्याचे नैतिक बळ १८७८ च्या कायद्याहून निराळे आहे. पुढे संसदेने १९५९ साली नवा शस्त्र अधिनियम केला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला.

या अधिनियमातील ज्या गोष्टींशी आपल्या कुटुंबांचा संबंध येऊ शकतो त्या येथे स्पष्ट करून ठेवितो. पाचव्या कलमान्वये परवान्यावाचून बंदूक वा दारूगोळा तयार करणे तर गुन्हा आहेच, परंतु बंदूक दुरुस्त करणे आणि तिच्यात फेरफार करणे हाही गुन्हा आहे. कोकणात व घाटमाथ्यावर शेतीच्या संरक्षणासाठी परवान्याने ठासणीच्या बंदुका बाळगणारे शेतकरी आहेत. बंदूक परवान्याची आहे म्हणून ती दुरुस्त करणाऱ्याला परवाना लागत नाही, असा समज असल्यास तो चुकीचा होय. शेजाऱ्याचा चाप बसवून देण्याच्या उपकारापायी आपला भाऊ कोर्टाची पायरी चढू शकतो. या गुन्ह्याची शिक्षा मूळ कायद्यात तुलनेने सौम्य होती. १९८८ साली ती किमान ३ वर्षे झाली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ती किमान ७ वर्षे व कमाल आजन्म कारावास इतकी झाली आहे.

तसेच ज्या घरांत पणजोबांची बंदूक माळ्यावर किंवा देवघराच्या भिंतीवर आहे त्यांनीही सावध असावे. जुनी, पुराणवस्तू म्हणून मोल असलेली वा मोडकी हत्यारे कायद्यातून वगळली आहेत हे खरे, परंतु त्याला एक अट आहे. ती दुरुस्त करूनसुद्धा उडविता येण्याजोगी नसावी. दुरुस्तीने चालू होईल अशी बंदूक, ती कितीही जुनी असो, परवान्याच्या कक्षेत येते. अशी वस्तू घरात निघाल्यास पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करण्याची तरतूद कायद्यात आहे. वारसा जपावयाचा तर तो कायदेशीर रीतीने जपावा, म्हणजे तो नातवंडांनाही ताठ मानेने दाखविता येईल.

आता जे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच केला तो मुद्दा. अलीकडे वर्तमानपत्रांत 'गावठी कट्टा' हा शब्द वारंवार येतो. तो घडविणारे व विकणारे पकडले जातात आणि कधी कधी आपल्या समाजातील तरुणांच्या कानी कुणी असे घालतो की, हे तर तुझ्या पूर्वजांचेच काम, यात लाज कसली? हे बोलणे ऐकण्यासही अनुचित आहे. आमच्या पूर्वजांनी केलेली नळी राज्याच्या शिलेखान्यात जात असे. तिच्यात दोष निघाला तर त्याला जाब द्यावा लागे. तिच्यामागे त्याचे नाव आणि त्याच्या घराची अब्रू उभी असे. कट्ट्याला ना नाव, ना परीक्षा, ना जबाबदारी. तो करणारा आपली खूण त्यावर उठवीत नाही, उलट खूण राहू नये यासाठीच धडपडतो. मिळेल त्या नळीचा, न पारखलेल्या लोखंडाचा तो तुकडा झाडणाऱ्याच्याच हातात फुटावा हे नवल नव्हे. सोळाव्या शतकातील कारागीर नळी फुटू नये म्हणून नवी रीत शोधीत होता. विसाव्या-एकविसाव्या शतकातील कट्टेवाला फुटली तरी आपले काय गेले असे म्हणतो. या दोघांना एका वंशाचे म्हणणे हा पूर्वजांचा अपमान होय.

आपली विद्या आज कोठे नांदते आहे हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने पुण्याजवळ खडकीकडे पाहावे. तेथील दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून चालू आहे. अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ, देहूरोड, भंडारा, अंबाझरी येथील संरक्षण उत्पादनाचे कारखाने महाराष्ट्राच्या भूमीवर उभे आहेत. २०२१ साली सरकारी शस्त्रनिर्माणीचे जुने मंडळ विसर्जित होऊन तिची सात कंपन्यांत विभागणी झाली. त्याआधी २००१ पासून परवान्याने खाजगी उद्योगांनाही संरक्षण उत्पादनाचे दार उघडले. म्हणजे ज्या रस्त्याला १८७८ साली अडसर पडला होता, तो रस्ता परीक्षेच्या व परवान्याच्या अटीवर आज पुन्हा मोकळा आहे. त्या रस्त्याने जावयास घण पुरत नाही. आयटीआयचे प्रमाणपत्र, यंत्राचे गणित, धातुशास्त्र आणि हजारांश मिलिमीटरची शिस्त लागते. आपल्या मुलामुलींनी ती मिळविली तर पूर्वजांच्या ऐरणीशी असलेले नाते खऱ्या अर्थाने पुढे चालेल.

शेवटी ज्ञातिबांधवांना व भगिनींना आमची एक विनंती आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी गोळ्या ओतण्याचे जुने साचे, नळी सरळ करण्याची जुनी अवजारे, संस्थानी कामाच्या सनदा, मजुरीच्या याद्या किंवा १८७८ नंतर परवान्यासाठी केलेल्या अर्जांचे कागद असतील तर ते रद्दीत वा भंगारात जाऊ देऊ नयेत. त्यांची नोंद करावी आणि ज्ञातीच्या दप्तरी एक प्रत द्यावी. अबुल फजलने श्रेय बादशहाला दिले आणि कारागिरांपैकी अगदी मोजक्यांचीच नावे लिहिली. पुढील पिढीला कारागिराचे नाव सापडावे असे वाटत असेल तर ते आपणच लिहून ठेविले पाहिजे. दुसरा कोणी लिहिणार नाही.

दसऱ्याला आपण हत्यारांची व अवजारांची पूजा करितो. त्या पूजेत घण, सांडशी, कानस यांच्या शेजारी आता मायक्रोमीटरलाही हळदकुंकू लागू लागले आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. जे अवजार आपल्याला परीक्षेला बसविते, तेच पूजेला योग्य होय. इत्यलम्.